शुद्धीत

मर्व शहर जाळून परतताना सरदार बुरकुतनं तिथल्या धनुष्यं घडवणाऱ्या म्हाताऱ्या शिरजादला गुलाम म्हणून सोबत आणलं होतं. त्या सकाळी सरदाराच्या तंबूत शिरताना शिरजादचा पाय उंबऱ्यावर पडला. मंगोलांच्या लेखी उंबऱ्यावर पाय म्हणजे घरधन्याच्या मानेवर पाय. त्याला शिक्षा मरणाचीच. माफी फक्त दारू चढलेल्याला.

पहारेकरी चाउरचा म्हाताऱ्यावर जीव होता. त्यानं झटकन आपल्या बुधल्यातली घोडीच्या दुधाची दारू शिरजादच्या दाढीवर ओतली.

"मालक, आजोबांना जरा जास्तच झालीय."

बुरकुत खो खो हसला. "सकाळी सकाळी? ने बाबा त्याला, झोपव जा."

"वाचलात, आजोबा," चाउर त्याच्या कानाशी कुजबुजला. "आता गुमान बाहेर चला."

शिरजादनं बाहीनं दाढी स्वच्छ पुसली आणि तो दाराशी आला.

 

"जन्मात थेंबाला शिवलो नाही मी," सरदाराकडे वळून तो म्हणाला, आणि दोन्ही पाय रोवून उंबऱ्यावर उभा राहिला.