मोजणीला पक्का

खाणीच्या तोंडाशी बसणाऱ्या टाइमकीपरने चार कॅल्क्युलेटर बाद केले, तेव्हा कुठे हा त्याच्या पसंतीला उतरला. खाली जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक मिळवायचा, वर येणाऱ्यामागे एक वजा करायचा. पाळी सुटताना पडद्यावर शून्य आलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. बाकीच्यांची बटणं कधी अडकायची, कधी एका दाबात दोनदा मोजायची. या पठ्ठ्याने मात्र अकरा वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता.

आज खाली कित्येक वर्षं बुजवून ठेवलेल्या बोगद्याची भिंत फोडली होती. संध्याकाळी माणसं लिफ्टमधून वर आली ती एकूणएक काळीठिक्कर, ओळखू न येणारी, आणि त्याच्यासमोरून निमूटपणे आपापल्या घरी चालू पडली.

"सगळे आले का रे?" मुकादमाने, म्हणजे त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने, लांबूनच विचारलं. "लिफ्टला कुलूप घालतो."

त्याने पडद्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. पुन्हा पुसली. तिथे उणे एक होतं.



"आले, दाजी. एक जास्तच आला."