उजव्या पायाचे दुखणे

सुज्ञ वाचकहो, एका पित्याच्या अंतःकरणात मत्सराने कसे ठाण मांडले, याचा वृत्तांत आता नम्रपणे निवेदन करतो.

तालमीत पैलवानांची अंगे रगडणाऱ्या बाळकू चौगुले यांची कन्या वैजयंता बारावी उत्तीर्ण झाली. परदेशी जाऊन फिजिओथेरपी शिकण्याचा तिचा निश्चय होता. त्यासाठी आधी पदवीला जीवशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र घ्यावे, असे जवळच्या दवाखान्यातील फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सुचविले. ती रोज त्यांचे काम पाहावयास जाई.

"म्याडम म्हणतात, म्याडम म्हणतात! तुला चालायला म्याडमनं शिकवलं व्हय?" बाळकू गरजले. "काय नको. गुमान आर्ट्सला जा."

परंतु मत्सर स्वस्थ बसू देईना. या बाईच्या हातात आपल्याहून अधिक काय आहे, हे पाहण्यासाठी ते दुसऱ्या दिवशी उजवा पाय धरून, खोटेच लंगडत दवाखान्यात शिरले.

मॅडमनी वैजयंतालाच विचारले, "यांची चाल बघून सांग, काय दिसतं?"

"उजवा पाय दुखत असता, तर बाबांनी त्यावर भार कमी टाकला असता. ते तर त्याच पायावर रेलतायत. नाटक आहे, मॅडम."

बाकावरचे रुग्ण खदखदून हसले. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास!"

तो शब्द बाळकूंच्या काळजात रुतला. कन्येचा हात धरून ते ताडताड बाहेर आले.

"शाब्बास म्हणायचा मान माझा हुता," ते म्हणाले. "घे ते भौतिकशास्त्र. पण रोज शिकशील ते आधी मला सांगायचं. म्याडमला मागनं."

वाचनाबद्दल आपला आभारी,
गणपत भाऊ शेलार