बॅट भिरकावली

टीव्हीवरच्या बेसबॉल मॅचमध्ये कुरासाव बेटावरचा तो बुटका खेळाडू बॅट घेऊन उभा राहिला आणि अवनीने आवाज वाढवला. तिच्या बाबाने, आशुतोषने, तिच्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज पार खाली आणला.

"वाउटर येईल आता. दोनच वाक्यं बोलायचीत तुला. सॉरी, आणि पुन्हा असं होणार नाही. संपला विषय."

"पण का?" अवनीने डचमध्ये विचारलं. चिडली की ती डचवर यायची.

स्वयंपाकघरात कॉफी करणाऱ्या तिच्या आईला, मंजूषाला, ते ऐकू आलं. काल शनिवारी ती मैदानाच्या कडेलाच उभी होती. हार्लेमच्या त्या क्लबात, मुलांच्या बेसबॉल संघात अवनी ही एकटीच मुलगी. तिने बॉल थेट कुंपणापलीकडे मारला. मारून धावली नाही. आधी बॉल कुठवर जातो ते नीट बघितलं, मग मोकळ्या बाजूला बॅट भिरकावली आणि रमतगमत चारही बेस फिरून आली. समोरच्या संघाचा बॉल टाकणारा मुलगा, पिचर, रडला. अवनीच्या कोचने, वाउटरने, तिला तिथल्या तिथे बाहेर बसवलं.

मंजूषाला मात्र राहून राहून ते रमतगमत चालणंच आठवत होतं. घरात कपाट उघडतानासुद्धा आवाज न करणारी ही पोर, आणि काल अख्खं मैदान तिच्या बापाचं असल्यासारखी चालली होती!

बेल वाजली. वाउटरने दाराशी बूट काढले, अवनीच्या डोक्यावर टपली मारली आणि सोफ्यावर टेकला. माणूस वाईट नव्हता. अवनीला बॅट धरायला त्यानेच शिकवलं होतं.

"मुलगी गुणी आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "पण आमच्याकडे म्हणतात, साधं वागा, साधेपणातही वेडेपणा पुरेसा असतो."

"अगदी बरोबर," आशुतोष म्हणाला. वाउटरचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

तेवढ्यात टीव्हीवर खण्णकन आवाज झाला. कुरासावच्या त्या बुटक्याने बॉल प्रेक्षकांत टोलावला होता. तो जागचा हलला नाही. बॅट बोटांतून अलगद सोडून दिली, गळ्यातली साखळी सारखी केली, पिचरकडे बघून हसला आणि मग पाय ओढत निघाला.

वाउटरने मांडीवर थाप मारली. "बघा, बघा! याच्यासाठी मी जेवण अर्धवट टाकून उठतो. बाकीचे नुसते खेळतात. हा बघायला लावतो!"

मंजूषाने त्याच्यापुढे कॉफीचा कप ठेवला.

"मग याच्या घरी कधी जाणार तुम्ही, सॉरी म्हणवून घ्यायला?"

"कोणाच्या?"

"याच्या. तो पिचर बघा, रडायचाच बाकी राहिलाय."

"मंजू," आशुतोष मराठीत हळूच म्हणाला, "नको ना."

वाउटर हसला, पण त्याचे कान लाल झाले. "टीव्हीवरची गोष्ट वेगळी. तिथे लोकांना करमणूक हवी असते. आपल्याकडे लहान मुलं आहेत."

"आपल्या संघातल्या थाइसने होमरन मारून छाती बडवली होती," अवनी म्हणाली. "तेव्हा तुम्ही त्याला टाळी दिलीत."

"थाइस तसाच आहे. सगळ्यांना माहीत आहे ते."

"आणि ही कशी आहे?" मंजूषाने विचारलं.

वाउटरने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"हे बघा," तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी सेमीफायनल आहे. संघासमोर तिने माफी मागावी, एवढंच माझं म्हणणं. नाही मागितली तर ती खेळणार नाही. मी माझा शब्द फिरवत नाही."

"बोल ना बाळा," आशुतोष अवनीला म्हणाला.

अवनी उभी राहिली.

"त्या पिचरला मी भेटेन. तो रडला, त्याचं मला वाईट वाटलं. पण बॅटबद्दल मी सॉरी म्हणणार नाही. तो बॉल मी मारला होता."

वाउटर उठला. मंजूषाला वाटलं, धावत जाऊन पोरीला कवेत घ्यावं. पण तिचं लक्ष आशुतोषकडे होतं. तो वाउटरच्या मागोमाग दाराकडे निघाला होता. झुइडास भागातल्या त्याच्या ऑफिसात हा माणूस मीटिंगमध्ये तोंड उघडायचा तेसुद्धा सॉरी म्हणूनच. आता दाराआड उभा राहून तो लेकीच्या वतीने माफी मागणार, याची तिला खात्री वाटली. ती मागोमाग गेली.

वाउटर वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता.

"शनिवारी मॅच किती वाजता आहे?" आशुतोषने विचारलं.

"मी सांगितलं ना, ती खेळणार नाही."

"ते कळलं. बाकावर किती वाजता बसायचंय तिला?"

वाउटरने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"अकराला."

"मग मंजू आणि मी साडेदहालाच येतो," आशुतोष म्हणाला. "बाकाच्या अगदी समोरची जागा हवी आम्हाला."