मागचा एक्सल

“यंदा तुटला न्हाय पायजे, तात्या,” दिग्विजय म्हणाला, तेव्हा हिंदुराव जीपखाली उताणा पडून मागचा एक्सल बसवत होता.

“न्हाय तुटत. ट्रकच्या एक्सलचा तुकडा बारामतीला लेथवर कातून आणलाय. क्लच नवा, प्रोपेलर शाफ्ट नवा. चारी चाकांनी एकदम जोर लावला तरी हूं का चूं करायची न्हाय.”

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरलं की डाळज गावच्या जत्रेत वाळल्या गाळावर जीपची शर्यत लागे. सरळ चारशे मीटर. फक्कीनं आखलेल्या शेवटच्या रेघेनंतर थोडी मोकळी जागा आणि मग पाणीच.

चार वर्षं दिग्विजयची जीप शंभर फुटांतच हरत होती. खाडकन मागचा एक्सल तुटे आणि पुढच्या दोन चाकांवर ती लंगडत बाजूला होई. लोक पोट धरून हसत. जीप बांधणारा त्याचाच बाप, सर्जेराव मिस्त्री. इंदापूर तालुक्यात त्यांच्या हाताला तोड नव्हती. हिंदुराव या वस्तादांच्याच हाताखाली शिकलेला.

कारण सगळ्यांना माहीत होतं. दिग्विजयचा थोरला भाऊ सूरज याच शर्यतीत गेला. सर्जेरावांनी बांधलेली त्याची जीप पहिली आली, पण ब्रेक लागेपर्यंत पाण्यात शिरली. क्रेननं वर काढली तेव्हा तिचा एक नटसुद्धा ढिला नव्हता. तेव्हापासून वस्तादांचा हात थरथरतो, असं लोक म्हणत. चहा बशीत ओततानाही सांडायचा.

तरी शर्यतीच्या आदल्या दिवशी ते गॅरेजचं शटर ओढून एकटेच जीपखाली शिरत. तुटलेला एक्सलही स्वतःच उतरवून पोत्यात बांधत, कुणाला हात लावू देत नसत. बिचाऱ्यांना लाज वाटत असेल, असं हिंदुरावाला वाटे.

गेल्या वर्षी दिग्विजय भर मैदानात बोलला, “आबा, तुमच्या हातात आता काय ऱ्हायलं न्हाय.”

“माझंच चुकलं, बाळा,” एवढंच सर्जेराव म्हणाले.

त्यानंतर बापलेक बोललेच नाहीत. दिवाळीत सर्जेराव गेले, आणि ते वाक्य दिग्विजयच्या जिवाला लागून राहिलं. एकदा तरी त्यांच्या जीपनं शेवटची रेघ ओलांडायची, मग फोटोसमोर बसून पोटभर रडायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

शर्यतीच्या दिवशी वजन कमी करायला हिंदुरावानं मागच्या सीटखालचं सगळं उतरवलं. जॅक, पान्हे आणि वस्तादांचं ते पोतं.

“आबांचं हाय ते. जपून ठिवा,” दिग्विजय स्टिअरिंगवरून म्हणाला.

झेंडा पडला. चारी चाकांनी गाळ उडवला. शंभर फूट गेले, दोनशे गेले. एक्सल तुटला नाही. हिंदुरावाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“वस्ताद, बघताय न्हवं?” तो वर बघून म्हणाला.

जीप धुरळा उडवत पाण्याकडं लहान लहान होत गेली.

त्यानं पोतं उचललं, तशी जुनी सुतळी सुटली आणि चार तुटके एक्सल पायाशी पडले. त्यानं एक हातात घेतला. मग दुसरा. मग उरलेले दोन.

चारही एक्सल तुटल्या जागी निम्म्याहून जास्त करवतीनं कापलेले होते. काप अगदी सुतात होता. हात जराही थरथरला नव्हता.