तुरीखालचा पाइप

“कुंपणाला हात लावायचा न्हाई,” म्हणत गुरम्मा बांधावर आडवी उभी राहिली. “डुकरं घुसली तर तूर तू भरून देशील का?”

अक्षरा गॅसलाइनवर इंजिनियर. चाकूरजवळच्या या शिवाराखालून जाणारा पोलादी पाइप गंजू नये, हे बघणं तिचं काम. ओढ्याकाठच्या पिवळ्या खांबात पाइपवरून वर आणलेल्या तारेला तिने मीटर लावला होता. आकडा घसरला होता. सोबतचे दोन मजूर फावडी टेकून उभे होते.

“मावशी, पाइपला आम्ही सतत बारीक करंट देतो. तो असेपर्यंत गंज धरत नाही. तुमच्या कुंपणाचा एखादा लोखंडी अँगल खाली पाइपला टेकलाय. त्यातून करंट पळतोय.”

“मग आमाला झटका कसा बसंना?”

“इतका बारीक असतो.”

“अन् गंजला तर?”

“भोक पडेल. गॅस बाहेर येईल.”

गुरम्माने मागे वळून पाहिलं. तिची सून बांधालगत तीन दगडांवर चहा ठेवत होती.

“पुनम, चूल इझव!” ती ओरडली. मग अक्षराकडे वळली. “येकच अँगल हाय ना? मग सगळं कुंपण कशाला मोडायचं? हुडकू की.”

गुरम्मा एकेका अँगलवरची तार सोडवू लागली. अक्षरा मीटर बघून ‘नाही’ म्हणायची. मग तार परत बांधायची, पुढचा अँगल. थोड्या वेळाने गुरम्मा स्वतःच मीटरपाशी येऊन वाकून बघायला लागली. तार सोडायचं काम पुनमकडे गेलं.

ओढ्याच्या वळणावरची तार सुटली आणि आकडा टुणकन वर गेला.

“ह्योच!” गुरम्मा अक्षराच्या आधी ओरडली.

इथली माती ओढ्याने धुऊन नेली होती, त्यामुळे पाइपवर मातीचा पातळ थरच उरला होता. मजुरांनी हलक्या हाताने उकरलं. अँगलच्या टोकाने पाइपवरचं काळं आवरण सोललं होतं. आत उघडं पोलाद, कडेला तांबूस डाग. भोक नव्हतं.

अँगल निघाला. डाग घासून त्यावर नवी पट्टी गुंडाळली. मजूर माती लोटणार, तेवढ्यात गुरम्मा पदर खोचून खड्ड्यात उतरली.

“इतकी सालं वरून पेरायले, कधी बघितला न्हाई.” तिने पाइपवर तळहात ठेवला. “आत्ता जायलाय का गॅस?”

“हो,” अक्षरा म्हणाली.

गुरम्मा गुडघ्यांवर बसली आणि तिने पाइपला कान लावला. हलेचना.

“काय ऐकू येतंय, मावशी?”

“तू कधी ऐकलं न्हाईस?”

अक्षराने नकारार्थी मान हलवली. मग मीटर मजुराच्या हातात देऊन तीही खाली उतरली. गुरम्माने कान न काढता सरकून तिला जागा करून दिली.