उरलेले अर्थ

एवढंसं ते ‘गेट’, पण त्या एका इंग्रजी क्रियापदानं सुरैय्या मॅडमचा आठवीवरचा अख्खा तास खाल्ला. मिळणं, पोचणं, उठणं, समजणं... फळा भरला तरी अर्थ संपेनात. अकोल्याची एसटी गाठायची होती. मॅडमनी खडू ठेवला.

“बाकीचे अर्थ सोमवारी.”

“आजच सांगून टाका ना मॅडम!” मोनाली उठून उभी राहिली.

मॅडम सुखावल्या. या खेड्यात इंग्रजीसाठी एवढा जीव टाकणारी पोरगी विरळाच.

“आधी एक वाक्य बनव. पण घरातलं, अगदी खरं.”

“माय सिस्टर विल गेट मॅरीड ऑन संडे.”

“शाब्बास! मी येणार हं, ताईसाठी साडीसुद्धा घेऊन ठेवली आहे. आता स्वतःबद्दल सांग एक.”

“आय विल गेट मॅरीड ऑन संडे.”

मॅडम खळखळून हसल्या. “अगं, खरं वाक्य म्हटलं ना मी!”

वर्गात दुसरं कोणीच हसलं नाही.

“खरंच हाये मॅडम. औंदा बोंडअळीनं सारी कपाशी खाल्ली. बाबा म्हणते, पुन्हा मांडव टाकनं काई होत नाही. ताईच्याच मांडवात तुयं बी उरकून टाकू.”

एसटीचा हॉर्न वाजला, मॅडमना तो ऐकूही आला नाही.

मोनालीनं पेनाचं टोपण काढलं.

“सांगा ना मॅडम, बाकीचे अर्थ. सोमवारी मी नसन.”