निरोगी नमुना

पिवळे ठिपके आले की मी निवांत चहाला जायचो. आमच्या लॅबमधल्या कॅन्सरच्या चाचणीत काचेच्या चिपवर रंग मिसळलेलं रुग्णाचं रक्त लाल चमकतं, निरोगी माणसाचं हिरवं. दोन्ही जुळली की ठिपके पिवळे, म्हणजे रुग्ण ठणठणीत. आज डॉक्टरीणबाई तणतणत आल्या. “अहो, या माणसाला ब्लड कॅन्सर आहे, मी तपासलंय. आणि तुमची चिप पिवळी?” “मशीन रुसलं असेल, मॅडम.” मी चाचणी पुन्हा केली. चिप पिवळीधमकच. “निरोगी रक्त कुणाचं वापरता?” “माझंच की. दाते शोधत कोण बसणार? दर सोमवारी नळीभर काढतो.”  बाईंची नजर माझ्या हातावरच्या कापसाच्या बोळ्यावर खिळली. सुई सकाळी टोचली होती. बोळा अजून रक्ताने भिजतच होता. त्यांनी हळूच विचारलं, “या महिन्यात पिवळे किती?” सतरा जणांना मीच फोनवर सांगितलं होतं, काही काळजी करू नका.